मधलं फूल

अकरा वर्षं मी चुडामण बडगुजरची पाठ पाहिली.
डाव्या खांद्याखाली आधी ओल धरायची,
मग पाठीच्या कण्यानं खाली उतरत
पहिल्या गेमच्या निम्म्यात टीशर्टवर नकाशा पुरा.
तो जाळीपाशी, मी मागे. ठरलेलंच.
पेपरात छापून यायचा तो माझा स्मॅश.
त्याआधी जमिनीपासून वीतभर उंचीवर तो जे काही करायचा,
ज्यानं समोरच्याला फूल वर उचलणं भागच पडायचं,
त्याला छापायला शब्द नसावा.

भुसावळ, रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल.
मे महिन्यात पहाटे साडेपाचला उघडायचा, आठला बंद;
त्यानंतर पत्रा बोलायला लागतो.
पंखे लावायचे नाहीत, फूल भरकटतं.
इथल्या कोरड्या हवेत पिसं दोन रॅलीत मोडायची,
म्हणून आदल्या रात्री चुडामण फुलांची नळी घेऊन
स्टेशनबाहेरच्या टपरीवर जायचा
आणि किटलीच्या वाफेवर धरून बसायचा.
आमच्या फुलांना आल्याचा वास येई.
हैदराबादची पोरं हुंगायची, हसायची,
मग हरायची. (नेहमी नाही.)

मी इथला, लेवा. म्हणायचो 'माहं'.
तो पारोळ्याचा, त्याचं 'मन्हं'.
दोघांच्या बरोबर मधे आलेलं फूल कुणाचं,
दुहेरीत खेळ एवढाच आहे, बाकीचं शिकवता येतं.
पहिल्या वर्षी दोघंही धावायचो, रॅकेट रॅकेटवर;
माझ्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडं.
मग एकच शब्द ठेवला, त्याचा.
त्यातला 'न्ह' नाकातून निघतो,
दम लागला तरी फुटत नाही.

काळा कोट, तिकीट तपासणी, खेळासाठी रजा मंजूर.
देशात सहावे, एक वर्षभर.
कोलंबोला एकदा, पात्रता फेरीत,
तिसरा गेम एकोणीस-एकवीस.
येताना त्यानं बायकोसाठी छत्री घेतली.
भुसावळात छत्री! मी दोन महिने चिडवलं.

मग निवड समितीनं माझ्यापुढे एक उंच मुलगा उभा केला,
गोरखपूरचा, हात गुडघ्याला लागतील असे.
मी हो म्हणालो.
चुडामणला सांगितलं चार नंबर फलाटावर,
मालगाडी जाताना, अर्धं ऐकू जाऊ नये म्हणून.
गाडी लांब होती.
ती संपेपर्यंत तो थांबला, म्हणाला, "बरं."
आणि खिशातून ग्रिपची नवी पट्टी काढून दिली,
माझ्यासाठीच आणलेली.

त्या मुलाबरोबर मला कांस्य मिळालं. खोटं कशाला बोलू,
चांगलं खेळायचा.
उपांत्य फेरीत, सतरा-सतरावर, फूल मधोमध आलं.
मी ओरडलो, "मन्हं!"
तो वळून माझ्याकडे बघायला लागला.
मीही थांबलो, कुणास ठाऊक का.
फूल बुचावर पडलं, टक्,
आणि आडवं झालं.

आता तो त्याच हॉलमध्ये पोरं शिकवतो.
मी गेलो तेव्हा संध्याकाळ होती, दार उघडं,
आत रेल्वे कॉलनीतली एक मल्याळी मुलगी
मधलं फूल घ्यायला झेपावत ओरडली, "मन्हं!"
तिला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असं नाही.
त्यानं मला रॅकेट दिली. बोलणं नाही.
तो पुढे, मी मागे. चार-पाच रॅली.
पाठ आता रुंद झालीय, ओल दोन्ही खांद्यांखाली येते.

पाणी पिताना म्हणाला,
"तुमचा डावा पाय अजून उशिरा पडतो, फिरके."
अरे, तू तर कधी मागे वळून बघायचा नाहीस.
"बघाले काय लागतं," तो म्हणाला,
"ऐकू येत होतं ना. अकरा वर्षं."
आणि पोरांवर खेकसला, की नळी कुणी उघडी ठेवली,
पिसं वाळतात.